चुलीजवळची बाटली

मी गोधड्या शिवणारी एक मशीन आहे, मित्रांनो, आणि मी पटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. त्याला कारण आहे. माझी पहिली मालकीण कोल्हापूरची. मला खोक्यातून काढलं तेव्हा तिने हळदकुंकू लावलं, पेढे वाटले, मैत्रिणींना बोलावून मला दाखवलं. वर्षभरात माझ्यावर चादर पडली, चादरीवर इस्त्रीचे कपडे पडले, आणि एक दिवस मोबाइलवर माझा फोटो काढून तिने मला दुकानदाराला विकून टाकलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी सावध होते.

दुकानात मला ‘मिड-आर्म’ म्हणत. घरच्या शिलाई मशीनपेक्षा माझा हात बराच लांब, आणि कारखान्यातल्या धिप्पाड मशीनपेक्षा आखूड. माझी कामाची रीतही वेगळी. गोधडी एका मोठ्या चौकटीवर ताणून बसवतात, ती जागची हलत नाही. मीच चाकांनी रुळावरून तिच्यावर फिरते. शिवणारी बाई उभी राहून माझ्या दोन मुठी धरते आणि मनात येईल ती वेलबुट्टी काढते.

दर्शनाने दुकानात माझ्या मुठी धरल्या आणि एका चिंधीवर आंब्याची कोयरी काढली. हात हलका होता. तरी मी स्वतःला बजावलं, पेढे त्या कोल्हापूरच्या बाईनेही वाटले होते.

टेम्पोत बसून आंबा घाट उतरले आणि हातखंब्याजवळच्या एका वाडीत दर्शनाच्या घरी आले. घरात ती, शाळेत जाणारी मुलगी सानवी आणि सासू हौसाबाई. नवरा रूपेश मुंबईत नोकरीला. दोघी मायलेकींनी आता मुंबईला यावं, असं त्याचं म्हणणं होतं. दर्शनाला गाव सोडायचं नव्हतं. म्हणून तिने गुहागरच्या एका होमस्टेवाल्यांकडून गोधड्यांचं मोठं काम मिळवलं होतं आणि त्यासाठीच मला आणलं होतं.

“शिमग्याला मी येतो,” रूपेशने फोनवर सांगितलं. “तोवर काम पुरं झालं तर राहा तिथेच. नाहीतर मशीन दुकानदाराला परत, आणि तुम्ही दोघी माझ्याबरोबर.”

फोन स्पीकरवर होता. दर्शनाने ऐकलं, मी ऐकलं, आणि चुलीपुढे बसलेल्या हौसाबाईंनीही ऐकलं.

हौसाबाईंवर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती. माझ्या चौकटीने सगळी पडवी अडवली, त्यामुळे त्यांची खाट आत माजघरात गेली होती. “एवढी मोठी? हिला ठेवायची कुठं, माज्या डोक्यावर?” असं माझं स्वागत झालं. शिवाय त्या स्वतः गोधड्या शिवणाऱ्या. वाडीत कुणाकडे बाळंतपण असलं की हौसाबाईंच्या हातची गोधडी जायची. मी घातलेल्या टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट पदराला पुसलं. ते पुसणं मला काही बरं वाटलं नाही.

दर्शनाने त्यांना सांगून ठेवलं, “आई, हिला हात लावू नका हां. नाजूक आहे.”

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी हात लावला. दर्शना सानवीला शिकवणीहून आणायला गेली होती. हौसाबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला, चुलीजवळची एक बाटली उचलली आणि माझ्यावरची चादर वर केली. दाराकडे एकदा बघून घेतलं. मग बाटलीतलं काहीतरी बोटावर घेऊन माझ्या चाकांना, रुळांना, बॉबिनच्या खाचेत, जिथे जिथे बोट जाईल तिथे चोपडलं. बाटलीवर लेबल नव्हतं. मला नाक नाही, त्यामुळे वासावरून काही कळायची सोय नव्हती. चादर पुन्हा नीट पांघरून त्या आत गेल्या. हे रोज व्हायला लागलं.

मार्गशीर्षातली थंडी पडली आणि माझं अंग सकाळी आखडायला लागलं. चाकं रुळावर चिकटल्यासारखी व्हायची, बॉबिनखाली दोऱ्याचा गुंता व्हायचा, दोरा तुटायचा. दर्शना जोर लावायची आणि कोयरीचा भोपळा व्हायचा. ऊन पडवीत आलं, दुपार झाली की मी पुन्हा सुरळीत. माझ्या मनात शंकाच उरली नाही. म्हातारी मला विष घालत होती.

दर्शनाने रत्नागिरीहून संदेश नावाच्या कारागिराला बोलावलं. तो दुपारी आला. मी सरसर चालले. सांगणार काय आणि कशी?

“वहिनी, मशीन एकदम ओके आहे,” तो हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. “तुमच्या हाताला अजून सवय नाही.”

दर्शनाचा चेहरा पडला. इकडे शिमगा जवळ येत होता आणि अर्ध्या सकाळी उसवण्यातच जात होत्या. एकदा तिला चादरीवर बोटांचे डाग दिसले. त्या दिवशी फोनवर ती हळू आवाजात रूपेशला म्हणाली, “आईंना ही नकोच आहे. मला वाटतं, त्याच काहीतरी करतात.” मला तोंड असतं तर मी होकार भरला असता.

संध्याकाळी दर्शना सानवीला आणायला निघाल्यासारखी बाहेर पडली आणि परसदाराने परत आली. हौसाबाईंचं बोट माझ्या चाकावर होतं.

“आई, काय घालताय तिच्यात?”

हौसाबाई दचकल्या, पण त्यांनी बाटली लपवली नाही. “तेल,” त्या म्हणाल्या. “घरच्या नारळाचा. रोज घालतंय.”

“हात लावू नका म्हटलं होतं ना?”

“म्हटलंस. पण तू आणल्यापासून हिला एक थेंब घातला नायस. विळीला घालतो, रहाटाला घालतो, मग हिनेच काय केलान?”

“तुम्हाला ही घरात नको आहे, मला माहीत आहे.”

“मला नको?” हौसाबाई चौकटीला टेकल्या. “ही चालली तर तू हितं ऱ्हातंस. बंद पडली तर सानवीला घेऊन जातंस. मग मी या घरात कुणाशी बोलू गो? म्हणून चांगल्यातला चांगला तेल घातला.”

दर्शनाला खरं मानावं की खोटं ते कळेना. ती सानवीला आणायला निघून गेली. मी तर मुळीच विश्वास ठेवला नाही. त्या रात्री बाटली माझ्या चौकटीच्या फळीवरच राहून गेली.

सकाळी सानवीची वेणी घालायला दर्शनाला तेल हवं होतं. चुलीजवळ बाटली नव्हती, ती पडवीत आली. बाटली पांढरीफटक झाली होती. तिने ती उलटी केली, हलवली. थेंबसुद्धा पडला नाही. एरवी ती बाटली चुलीच्या उबेला असायची, त्यामुळे हिवाळ्यातही तिच्यातलं तेल पातळच राहायचं. दर्शनाने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रुळावर नख ओढलं तर नखात पांढरं मेण आलं.

“आई, जरा बाहेर या.”

हौसाबाईंनी ते नख बघितलं. “थिजला,” एवढंच म्हणून त्या खालीच बसल्या. “तुज्या वाटेत मीच बसली होती, गो.”

दर्शना त्यांच्याजवळ बसली. “तेल घालायला हवंच होतं. ते मीच विसरले होते. फक्त हे नाही.”

त्या दिवशी दोघींनी मिळून मला उन्हात पुसून काढलं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या रॉकेलमध्ये बुडवून. मग मशीनचं खास तेल आलं, पाण्यासारखं स्वच्छ. दर्शनाने ती बाटली हौसाबाईंच्या हातात दिली आणि माझ्या मुठीही धरायला लावल्या. त्यांची पहिली ओळ वेडीवाकडी गेली. उसवायची नाही, असं दर्शनाने सांगितलं.

गुहागरचं काम शिमग्याआधी पोचलं. रूपेश आला, पडवीत उभा राहून बराच वेळ मला न्याहाळत राहिला आणि पालखी झाल्यावर एकटाच परत गेला. जाताना पिशवीत ती वाकड्या ओळीची गोधडी होती. ती त्याने मागून घेतली.

अजून दिवेलागणीला हौसाबाई माझ्याकडे येतात. बाटली उजेडात धरतात आणि आत हाक मारतात, “हीच ना गो?” आतून “हो, आई” येईपर्यंत माझ्याही मनात थोडी धाकधूक असतेच. स्वभाव आहे.

पण मला तोंड नाही, म्हणून मी सगळा हिवाळा संशयात काढला. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. ज्याला जपायचं आहे त्याला काय लागतं ते आधी विचारा. आणि ज्याचा संशय येतो, त्यालाही.