स्वतःचं घर शोधणारी स्क्रिप्ट

आपलं सामान कुठे ठेवलंय हे ज्याचं त्याला ठाऊक असावं, हा सुसंस्कृतपणाचा पाया आहे. आमच्या बस डेपोतल्या, पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टचा, म्हणजे छोट्या प्रोग्रामचा, मात्र या पायाशी संबंध नव्हता. कोणता ड्रायव्हर कोणत्या बसवर, हे ती रोज सकाळी छापायची. पण तिला लागणारी मॉड्यूल्स, म्हणजे तिचं सामानसुमान, कायम एकाच पत्त्यावर शोधायची. कुणी फोल्डर जरा हलवला की हातपाय गाळून बसायची. मग डेपोच्या एकुलत्या एक प्रोग्रामरला, म्हणजे पंडितांना, फोन. ते सुट्टीवर असले तर हमखास.

यंदा समुद्रकिनारी सुट्टीला जायचं ठरलं तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, "तिथे डेपोचा फोन आला तर फोन समुद्रात जाईल. त्याच्यामागे तुम्ही गेलात तरी माझी हरकत नाही."

पंडित कामाला लागले. स्क्रिप्टने आधी आपण स्वतः कुठे आहोत ते बघावं आणि शेजारच्याच फोल्डरात सामान शोधावं, असा बेत. वरच्या ओळीत त्यांनी पत्ता काढला, खालच्या ओळीत 'यूज लिब', म्हणजे 'सामान या पत्त्यावर शोध' असा हुकूम लिहून तो हाती दिला. स्क्रिप्ट म्हणाली, मॉड्यूल सापडत नाही.

"अगं, वर लिहिलाय ना पत्ता!" पंडित पडद्यावर खेकसले.

अर्ध्या दिवसाने ट्यूब पेटली. पर्ल 'यूज'च्या ओळी वाचता वाचताच उरकून टाकते. बाकीचं सगळं नंतर. म्हणजे पत्ता हातात पडायच्या आधीच स्वारी निघालेली.

"तुमच्यावरच गेलीय," घरी बायको म्हणाली. "पत्ता माझ्या पर्समध्ये, आणि तुम्ही टॅक्सीत."

दुसऱ्या दिवशी पत्ता काढणारी ओळ त्यांनी 'बिगिन'च्या कंसात घातली, म्हणजे तीही वाचताक्षणीच पार पडते. मग फोल्डर डेस्कटॉपवर नेला, पेन ड्राइव्हवर नेला, मॅनेजरसाहेबांच्या नातवाच्या फोटोंमध्ये नेऊन टाकला. स्क्रिप्ट कुठेही अडली नाही.

"नवीन मशीन येतंय. त्यावर चालेल?" साहेबांनी विचारलं.

"चंद्रावर न्या, साहेब."

समुद्रकिनाऱ्यावरच्या पहिल्याच सकाळी फोन वाजला.

"पंडित, नव्या मशीनवर चालत नाहीये हो!"

"सामान सापडत नाही म्हणतंय का?"

"छे! 'पर्ल' म्हणजे काय ते मला माहीत नाही, असं म्हणतंय."

बायकोने शांतपणे हात पुढे केला.

नव्या मशीनवर पर्ल टाकलेलंच नव्हतं.