मोठ्यानं वाचायची पोथी

धुळ्याच्या डॉक्टरांनी स्वतः वाकून यांच्या डाव्या पायातला मोजा उतरवला आणि अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. अंगठा टोकाकडून काळा पडत चालला होता. मी खुर्चीच्या मागे उभी होते.

"नाना, दिवसाला किती सिगारेटी?"

"मोजत नाही," हे म्हणाले.

"आता मोजायची गरजही नाही. एकसुद्धा नाही. बिडी नाही, गुटखा नाही, मिश्री नाही. तंबाखूनं तुमच्या पायाच्या नसा आवळून टाकल्यात. रक्त खालपर्यंत पोचत नाही. तंबाखू थांबली तर अंगठा कदाचित वाचेल. नाही थांबली तर आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापासून खाली सगळं."

"तुमचं वय काय हो, डॉक्टर?"

"माझं वय पायाला कळत नाही, नाना."

हे, म्हणजे माझे यजमान नवलराव. चाळीसगावच्या मार्केट यार्डात यांचं अडतीचं दुकान होतं. शेतकरी, हमाल, व्यापारी सगळे यांना नाना म्हणत आणि यांच्या आवाजाला भीत. दुकान विकलं, आवाज घरी आणला. जिन्यावरून उतरता उतरता तो आवाज सबंध दवाखान्यानं ऐकला.

"कालचं पोरगं मला पाऊल कापायच्या गोष्टी सांगतं! तूच आणलंस ना इथं? झालं समाधान?"

मी रिक्षा पांझरेच्या काठी एकवीरामातेच्या देवळाशी थांबवायला सांगितली. हे रिक्षातच बसून राहिले. मी आईसमोर हात जोडले आणि म्हटलं, यांच्या पायाची जखम भरेपर्यंत मी पायात काही घालणार नाही, आणि रोज संध्याकाळी धूप घालून पोथी मोठ्यानं वाचीन. दर्शन झाल्यावर चपला देवळाबाहेर होत्या तिथंच ठेवल्या आणि येऊन रिक्षात बसले.

"चपला विसरलीस."

"विसरले नाही."

यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "वा! म्हणजे आता लोक म्हणतील, नाना बायकोला चप्पलसुद्धा घेऊन देत नाही. तुझा देवधर्म नेहमी माझ्याच इज्जतीवर का येतो गं?"

चैत्र संपत आला होता. आमच्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. भाजीला जाऊन येईपर्यंत तळव्यांना फोड येत. घरात मात्र त्याहून जास्त ताप होता. सिगारेट बंद झाल्यापासून यांचे हात थरथरत, घाम फुटे, झोप उडाली. वरणात मीठ कमी आहे म्हणून एकदा ताट भिरकावलं ते पार फ्रिजवर आदळलं. मी वरण पुसत होते तर वरून म्हणाले, "पूस. त्याचंही व्रत कर एखादं."

आमचा मुलगा योगेंद्र नाशिकला कंपनीत असतो. तो वैशाखात आला आणि येताना बॅगेतून एक पाइप घेऊन आला. चकचकीत तपकिरी लाकडाचा, वाकड्या दांडीचा. सोबत तंबाखूचा गोल डबा. झाकण उघडलं तर बेकरीसारखा गोड वास आला.

"हे काय?" मी विचारलं.

"आई, ओरडू नकोस. सिगारेटपेक्षा हे बरं. कागद जळत नाही. धूर छातीत घ्यायचा नाही, नुसता तोंडात खेळवून सोडून द्यायचा. शरीराला निकोटिनची सवय असते, ती तल्लफ भागते. मग हळूहळू हेही सुटतं."

"चिलीमच की ही."

"चिलीम?" यांना ते फारच लागलं. "चिलीम गांजेकस ओढतात! हा साहेब लोकांचा पाइप आहे. तुला यातलं काय कळतं?"

"डॉक्टरांना विचारलंस का, योगेंद्र?"

"डॉक्टर सगळ्यालाच नाही म्हणतात. नाना ताटं फेकतात ते मला नाशिकला फोनवर ऐकू येतं, आई. तुझ्यासाठीच आणला मी हा."

"माझ्यासाठी आणला असलास तर परत ने."

बराच वेळ बापलेक माझ्याकडे बघत राहिले, जशी काही मीच या घरात नवीन आले होते. मग यांनी पाइप उचलला, डबा उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत योगेंद्रच्या बॅगेत टाकला. "ने रे बाबा. तुझी आई जिंकली. देवाची माणसं ही, आपण काय बोलणार!"

योगेंद्र गेला, आणि आठवड्याभरात हे निवळले. हात थरथरायचे थांबले. ताट पुढं ओढून मुकाट्यानं जेवू लागले. मला वाटलं, आईनं ऐकलं.

संध्याकाळी मी देवघरात गोवरीचा निखारा धुपाटण्यात घेऊन त्यावर गुग्गुळ टाकत असे आणि पोथी उघडत असे. यांना पायामुळे खाली बसता येत नव्हतं, म्हणून हे मागच्या दारच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत, दुखरा पाय स्टुलावर. एकदा आपण होऊन म्हणाले, "आज दोन अध्याय वाच ना. मोठ्यानं वाच, मला इथं ऐकू येतं. बरं वाटतं."

उभ्या आयुष्यात यांनी मला वाच म्हटलं नव्हतं. माझा आवाज मुळात बारीक. पण मी घसा ताणून वाचू लागले. पुढं हे तीन अध्याय वाच म्हणू लागले. "आणि धूप जरा सढळ हातानं घाल. मच्छर फार झालेत." मी गुग्गुळाचा मोठा पुडा आणला.

पाय मात्र ऐकत नव्हता. अंगठ्याचा काळा रंग मुळाकडे सरकत चालला. पट्टी बदलताना वास येई. मी कुठं चुकते, कोणता नेम मोडते, हेच मी शोधत होते. मग पोथी वाचताना पाणी प्यायचंही सोडलं.

आषाढात एकदा शेजारच्या भागाबाई दारात आल्या. त्या धरणगावकडच्या, बोलतात ते आमच्या खानदेशीतच.

"अक्का, तुमना धूप कोठला शे वं? बठ्ठी गल्लीमा गोड वास येस. आमना गुग्गुळ ते नुस्ता खोकला करस."

"नेहमीच्याच दुकानातला, भागाबाई."

"नही वं! दपाडी राहिन्यात तुम्ही. सांगा, मी काय तुमनं पुन्य ली जासू का?"

मी दुकान लपवते आहे असं समजून त्या हसत गेल्या. मीही हसले. सगळ्या गल्लीत गोड वास कसला, ते मला कळलं नाही. धुपाजवळ बसणाऱ्याला धुपाखेरीज दुसरा वास येतच नाही.

त्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि गोवऱ्या सादळल्या. निखारा धरेना. कापूर टाकून पाहिला, फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं, पण धूप काही पेटला नाही. वेळ टळायला नको म्हणून तशीच बसले आणि पोथी उघडली. पहिला अध्याय निम्म्यावर आला असेल, तेव्हा मागच्या दारातून वास आला. गोड. बेकरीसारखा. माझ्यासमोर धुपाटणं थंडगार पडलं होतं.

अध्याय एकदा उघडला की अर्ध्यात सोडायचा नाही, मध्ये दुसरा शब्द बोलायचा नाही, हा आमच्या घरातला माझ्या सासूबाईंपासूनचा नेम. यांनाही तो लहानपणापासून ठाऊक. आणि त्या नेमाच्या भरवशावरच हे रोज बसत होते, ते मला त्या क्षणी कळलं. पोथीचा आवाज चालू आहे तोवर बायको जागची हलत नाही. जितके अध्याय जास्त, तितका वेळ जास्त. आणि जितका धूप जास्त, तितकं झाकणही जास्त.

मी पोथी दोन्ही हातांत धरली आणि वाचत वाचतच उठले. स्वयंपाकघरातून वाचत गेले. मोरीपाशी वाचत गेले. मागच्या दारात येऊन उभी राहिले. हे डोळे मिटून बसले होते, पाइप दातांत, धुराचा लोट पट्टी बांधलेल्या पायावरून अंगणात जात होता. आवाज जवळ आला तसे यांनी डोळे उघडले. पाइप लपवायला हात हलला. मग तसाच थांबला.

मी यांच्यासमोर उभी राहून उरलेला अध्याय पुरा केला. एक ओळ गाळली नाही. हे कुठं बघावं ते न कळून पायाकडे बघत राहिले. मग मी पोथी मिटली.

"संपला?" हे म्हणाले.

"संपला. योगेंद्रनं बॅगेतून पुन्हा काढून दिला ना?"

"सिगारेट सोडली मी. शब्द पाळला. हा धूर आत घेत नाही."

"पायाला ते सांगितलंत का?"

"तू घरभर धूर करतेस तो चालतो! तुझा देव धूर घेतो, आणि मी घेतला की पाप?"

"देवाचा पाय काळा पडत नाही."

यांनी पाइप ओट्याच्या कडेवर आपटून रिकामा केला. "हे बघ. परवा धुळ्याला जायचंय. तिथं तोंड उघडायचं नाही. तो विचारेल, तंबाखू बंद आहे का. बंद आहे. समजलं? तोंड उघडलंस तर या घरात तुझी माझी बोलचाल संपली."

दुसऱ्या दिवशी योगेंद्रचा फोन आला. यांनीच करायला लावला असणार. "आई, प्लीज. नस मोकळी करायची प्रोसिजर आहे. तंबाखू चालू आहे कळलं तर ते करणार नाहीत. तुझ्या खरेपणापायी नानांचा पाय जाईल. तुला चालेल?"

"पाय माझ्या खरेपणापायी काळा पडला का रे?"

त्यानं फोन ठेवला.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "नाना, हे असं व्हायला नको होतं. तंबाखू पूर्ण बंद आहे ना?"

"पूर्ण," हे म्हणाले. आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. माझ्या पायासाठी अनवाणी फिरते ही. ही खोटं बोलेल का?"

डॉक्टरांनी माझ्या तळव्यांकडे पाहिलं. भेगा, चिखल, वाळलेले फोड. नर्सनंही पाहिलं. यांना माझे पाय पहिल्यांदाच कामाला आले होते.

मी म्हटलं, "यांच्या सदऱ्याच्या खिशात पाइप आहे."

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दात आवळून एवढंच म्हणाले, "व्वा, देवी."

डॉक्टरांनी हात पुढं केला. यांनी पाइप टेबलावर टाकला. डॉक्टरांनी तो हुंगला. "किती दिवस?"

"धूर आत घेत नाही," हे म्हणाले.

"आयुष्यभर सिगारेट ओढलेला माणूस धूर आत घेतल्याशिवाय राहत नाही, नाना. आणि नाही घेतला, तरी निकोटिन तोंडातून रक्तात जातंच. तल्लफ भागते ती त्यानंच भागते. नस आवळते तीही त्यानंच." मग ते माझ्याकडे वळले. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर नस उघडली असती, हे घरी जाऊन पुन्हा ओढत बसले असते, आणि ती पुन्हा बंद झाली असती. मग थेट पाऊल."

त्यांनी पाइप यांच्यासमोर सरकवला. "मी ठेवून घेणार नाही. दुकानात दुसरा मिळतो. अंगठा आता जाणार. नस मी मोकळी करून देईन. पाऊल ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

यांनी सगळ्यांदेखत पाइप उचलून खिशात घातला.

अंगठा गेला. आठवड्यानं घरी आलो. गाडीतून उतरताना मी हात पुढं केला, तो यांनी झटकला आणि योगेंद्रच्या खांद्यावर भार टाकला. योगेंद्रही माझ्याशी बोलला नाही. भागाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अक्का, आते ते चपला घाला वं," तेव्हा यांनीच खुर्चीतून उत्तर दिलं, "का घालेल? अंगठा घेतला, अजून पाय बाकी आहे."

"जखम भरेपर्यंत बोलले आहे," मी भागाबाईंना सांगितलं. "भरली नाही अजून."

योगेंद्र नाशिकला गेल्यावर त्याच संध्याकाळी यांनी खुर्ची मागच्या ओट्यावर ओढून नेली. बोलचाल बंद होती, पण खुर्ची ओढल्याचा आवाज मला पुरेसा होता. मी देवघरात बसले. गोवऱ्या आता वाळल्या होत्या, तरी धूप घातला नाही. आईची मनात क्षमा मागितली: जखम भरली की मोठ्यानं वाचीन, दुप्पट वाचीन. पोथी उघडली आणि मनातल्या मनात वाचायला लागले.

घर गप्प झालं. मागं खुर्ची करकरली.  मग बोलचाल बंद ठेवलेल्या माणसाचा आवाज आला.

"वाचते आहेस का?"

मी पान उलटलं.

"मोठ्यानं वाच की!"

अध्यायाच्या मध्ये बोलायचं नसतं. अध्याय पुरा झाला तशी मी पोथी मिटून उठले, पुढच्या दारानं बाहेर पडले आणि बोळातून वळसा घालून मागच्या अंगणात आले. अनवाणी पायांचा चिखलात आवाज होत नाही.

हे ओट्यावर बसले होते. पाइप भरून दातांत धरलेला, हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली, पण ओढलेली नाही. मान घराकडे वळवून, डोळे बारीक करून हे कान देत होते, की बाई आत कुठवर आली आहे. मी पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. मी कुठं आहे ते यांना माहीत नव्हतं. उद्याही माहीत नसणार, परवाही नाही.

काडी हातातच राहिली. शेवटी यांनी ती पेटीत परत घातली.