शेवटचा ओहदी

“वीस वर्षांवरचे, हत्यार धरू शकतील असे गडी किती, काका?” यदायाने विचारले आणि मान खाली घातली.

“तुझ्यासमोर उभा आहे तेवढाच,” शिम्री म्हणाला.

शिमोन वंशाची माणसे मोजत यदाया सकाळपासून छावणीत फिरत होता. यार्देन नदी ओलांडून नव्या देशात शिरण्याआधीची ही मोजणी. पेओर डोंगरावरच्या परक्या देवापुढच्या मेजवान्यांना शिमोनची पोरे सगळ्यांत जास्त गेली, आणि त्या पापापायी मागून आलेल्या महामारीने त्यांनाच सगळ्यांत जास्त गाठले. शिम्रीचे तिन्ही मुलगे गेले. भाऊ, पुतणे, कोणी उरले नाही. सीनाय डोंगरापाशी पहिली मोजणी झाली तेव्हा शिम्री लहान होता. बापाचा हात धरून त्याने आपल्या ओहद कुळाची रांग पाहिली होती. ती संपता संपत नव्हती.

“ओहद लिही.”

“एकट्याचं कूळ कसं लिहू, काका? शिमोनातल्याच शौलच्या कुळात घालतो तुम्हाला. ते घेतो म्हणतात.”

“उपकार करतात काय? परजातीच्या कनानी बाईची अवलाद!”

“ओरडू नका, ऐकतील. नदीपलीकडे जमीन कुळावर वाटणार आहेत. कूळ नाही तर वाटा नाही. तुमचं काय, आज आहात उद्या नाही. आत बसलीय तिचं काय?”

आत तंबूत थोरल्या मुलाची विधवा, हेला, रोज सकाळी रानात पडणारे मान्नाचे दाणे दळत होती. तिचे दिवस भरत आले होते. जात्याची घरघर थांबली.

“ऐकलंस, पोरी?”

“ऐकलं, मामंजी.”

“मग सांग. काय करू?”

हेला तंबूच्या दाराचा पडदा सारून उभी राहिली. “लेकराला उभं राहायला जागा पाहिजे. बाहेर काही का म्हणेनात. ओहद मी त्याला घरात सांगीन.”

शिम्रीने तोंड फिरवले.

“शौल,” तो म्हणाला.

“काय?”

“शौल! कान फुटले का तुझे?”

दुपारी त्याने मुलांचे तंबू उतरवले. शौलच्या लोकांशेजारी मुक्काम हलवायचा होता. खुंट्या घट्ट रुतल्या होत्या. एकेक हलवून हलवून उपटावी लागली. मग तो प्रत्येक भोकात पायाने माती लोटू लागला.

“राहू द्या ना, मामंजी. आपण कुठे परत येणार इथं?”

“शेळ्यांचे पाय मोडतील,” शिम्री म्हणाला, आणि टाचेने माती दाबत पुढच्या भोकाकडे वळला.