दर्शनाताईंचं तिसरं प्रूफ

नवं पुस्तक हातात आलं आणि पहिल्याच पानावर दर्शनाताईंना दोन चुका दिसल्या. चाळीसाव्या पानापर्यंत त्या सतरा झाल्या, तोवर चहावर साय धरली होती.

अठरा वर्षं त्या डोंबिवलीतल्या घरी बसून प्रुफं तपासत होत्या. शिकवलं कुणी नव्हतं. शुद्धलेखनाचे नियम पिठाच्या डब्यावर चिकटवून, पोळ्या लाटता लाटता पाठ केलेले. सोसायटीच्या ग्रुपवरही त्या लोकांच्या वेलांट्या सुधारत. मुलगी उर्वी वैतागायची. "आई, ग्रुपवर लोक चपला घालून येतात गं. तू दारात पाण्याची बादली घेऊन उभी राहू नकोस." त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं, की पुस्तकात तरी पाय धुऊन यावं, तिथे मागाहून काही पुसता येत नाही.

आणि आता हे, त्यांनीच तपासलेल्या पुस्तकात. खरी धास्ती मात्र वेगळीच होती. गेले तीन महिने डाव्या डोळ्याला अक्षरं धुरकट दिसत होती आणि त्यांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. डोळ्यांनी दगा दिला असेल तर काम संपलं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वागळे इस्टेटमधला छापखाना गाठला. प्रकाशक श्रीपाद तिथेच होता. त्याच्याशी न बोलता त्यांनी ऑपरेटर रतनकडे आपलं तिसरं प्रूफ मागितलं. रतनने कपाटावरून गठ्ठा काढून धूळ झटकली. पहिल्या पानावर दोन लाल गोल. मग एकेक करत सतराच्या सतरा.

रतनने कॉम्प्युटर उघडला आणि मान खाजवली. दुरुस्त फाइलचं नाव 'फायनल', तिच्या आधीचीही 'फायनल'. प्रकाशन समारंभाच्या घाईत जुनीच छापली गेली होती.

श्रीपाद ओशाळला. शुद्धिपत्र जोडू, पुढच्या आवृत्तीत नीट करू, असं बरंच बोलला. ताईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मला दिसल्या होत्या?"

"सगळ्या, ताई."

बाहेर येऊन त्यांनी उर्वीला फोन लावला, डोळ्याचं सगळं सांगितलं आणि डॉक्टरची वेळ घ्यायला लावली. उर्वी रागावली, ते ऐकायलाही बरं वाटलं.

संध्याकाळी श्रीपादचा माफीचा मेसेज आला. तीन ओळी, पूर्णविराम नाही, चुका पाच. पाचही एका नजरेत दिसल्या.

ताईंनी नुसता अंगठा पाठवला.