देवाची बाजरी

"सातशे." आराधनानं हात वर केला, तशा पुढच्या सतरंजीवरच्या बायका वळून बघायला लागल्या.

चर्चच्या अंगणात कापणीच्या सणाचा लिलाव रंगला होता. ज्यानं त्यानं शेतातलं देवाला वाहायचं, मग बोली लावून ते विकायचं आणि पैसे मंडळीच्या पेटीत टाकायचे. आता लिलाव पुकारणाऱ्या सॅमसनकाकांच्या पायाशी वीस किलो बाजरीचं पोतं होतं. ते वाहिलं होतं आराधनाच्याच पप्पांनी, कृपादाननी.

तिच्या पर्समध्ये सगळे मिळून नऊशे रुपये होते. सुप्याच्या कंपनीत ठेकेदारानं सात महिने भरताच तिला 'ब्रेक' दिला होता, म्हणजे महिनाभर काम नाही अन् पगारही नाही. तिथल्या खोलीचं भाडं थकलेलं, जेवण एका वेळचं. घरी सांगायची सोय नव्हती. एकटं राहायला पप्पांचा सक्त विरोध, आणि ही भांडून निघालेली. आज गप्प बसलं तर लोक ओळखतील, या धास्तीनं बाईसाहेब बोली लावत होत्या.

"पोरगी कमावती झाली," सॅमसनकाका खुशीत म्हणाले. "सातशे एक वार..."

"आठशे," मागून पप्पा म्हणाले.

हशा पिकला. स्वतःच वाहिलेल्या बाजरीवर बोली, तीही लेकीच्या वर! आराधनाचे कान तापले. चारचौघांत आपल्याला खाली पाडायलाच बसलेत हे.

"नऊशे."

"पंधराशे."

तिनं मान खाली घातली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

दुपारी ती एसटीत बसली, तर पप्पा तेच पोतं खांद्यावर घेऊन आत चढले आणि तिच्या सीटखाली सरकवू लागले.

"हे कशाला?"

"लिलावातलं हाय. देवाच्या मालाला न्हाई म्हनू न्हाई." ते वाकूनच बोलत होते. "मंगळवारी सुप्याला आल्तो. कामाच्या टायमाला तुझी चप्पल दारात हुती."

"मग आत का नाही आलात?"

पप्पांनी पोत्याच्या तोंडाची सुतळी उगाच पुन्हा आवळली. आता म्हणतील, चल घरी. आराधना वाटच बघत होती. खरं सांगायचं तर 'हो' तिच्या ओठांवर आलं होतं.

कंडक्टरनं घंटी मारली. पप्पा दाराशी गेले आणि मागं वळले.

"आराधना, खोली सोडू नको."