पहिल्या पाण्याचा मान

कोमिनेंच्या घरात पहिलं पाणी गेन्झोचं, हा नियम चाळीस वर्षांत कुणी मोडला नव्हता. संध्याकाळी पाचला टब भरायचा. टबाबाहेर साबणाने अंग घासून आधी म्हातारा उतरायचा, मग त्याच पाण्यात मुलगा तामोत्सु, आणि शेवटी सून सातोए. सुनेच्या वाट्याला दोघांचा शीण जिरलेलं पाणी यायचं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. दिवसातला तेवढा अर्धा तास तिच्या मालकीचा होता, आणि त्यावर ती तग धरून होती.

तक्रार होती ती बेलची. न्हाणीघरात गिझरच्या डब्यावर एक बटण होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या डब्यातून टिंगटिंग धून वाजायची. थंडीत म्हातारी माणसं टबात बसल्या बसल्या जातात. उत्तर जपानातल्या अकितात दर हिवाळ्यात अशी एखादी तरी बातमी ओळखीच्या घरातून येते, म्हणून तामोत्सुनेच ती सोय करून घेतली होती. म्हाताऱ्याच्या हाती आयतं खेळणं लागलं.

धून वाजली की सातोए हातातली सुरी टाकून बर्फगार बोळातून धावत जायची.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. अजून आहे मी!" आणि आतून खो खो हसू.

पाच मिनिटांनी पुन्हा टिंगटिंग. "आज मासा कुठला?"

"कॉड."

"परत कॉड? मागच्या जन्मी मी मांजर होतो की काय?"

गेन्झो जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. बायको गेल्यापासून त्याला बोलायला कुणी नव्हतं, आणि तामोत्सु तर तोंडातून शब्द असे काढायचा की जणू दाढ उपटतोय. म्हाताऱ्याला उकळतं पाणी लागायचं. कपडे काढायच्या खोलीत हीटर ठेवू या म्हटलं, तर म्हणाला, "तिथे हीटर? मग उद्या संडासात गालिचाही घाला!" तो दुष्ट नव्हता, एकटा होता. पण एकट्या माणसाचा जाच काही कमी जाच नसतो.

सातोए सकाळी चारला उठून धुरी दिलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची, दुपारी परतून घर सांभाळायची. त्या हिवाळ्यात तिची झोप उडाली. कुठे काही वाजलं की ती दचकायची, फ्रिजचं दार टीटी वाजलं तरी हातातलं भांडं सुटायचं. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास कोमट पाण्यात निवांत बसा, डोक्यावरचा ताण उतरेल. सातोएला हसूच आलं. हे सांगायला अकितात डॉक्टर कशाला हवा? टबात ती बसतच होती. पण तिथेही आता कान दाराकडे असायचे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी छपरावर हातभर बर्फ साचला होता. तामोत्सु पहाटेपासून रस्त्यावरचा बर्फ काढायच्या यंत्रावर होता, सहाच्या आत येणार नव्हता. पाचला गिझरमधली रेकॉर्ड केलेली बाई नेहमीच्या गोड आवाजात बोलली, पाणी तयार आहे. टॉवेल खांद्यावर टाकून निघालेला गेन्झो स्वयंपाकघराच्या दारात थबकला.

"सातोए, आज तू जा आधी."

"मी? भलतंच काय, बाबा!"

"चेहरा बघ आरशात. तुमच्या कारखान्यातला मुळा बरा दिसतो. जा, बस जरा. मी थांबतो."

"पहिलं पाणी तुमचं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय टबात बघायला येणारेत?"

तरी ती नाहीच म्हणाली. चाळीस वर्षांचा मान असा एका संध्याकाळी मोडवत नाही, आणि त्याच्या आधी उतरलं तर पुढे वर्षभर त्यावरून टोमणे ऐकावे लागतील, हेही तिला ठाऊक होतं. म्हातारा खांदे उडवून गेला. कपडे काढायच्या खोलीतून त्याचं हुडहुडी भरल्यागत हूं हूं ऐकू आलं.

आदल्या दिवशी त्याने सात वेळा बेल वाजवली होती. सातोएने भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं, बोट पुढे केलं आणि आवाज शून्यावर नेला. अर्धाच तास, ती मनाशी म्हणाली. मग कोतात्सूच्या, त्या शेगडीवाल्या बुटक्या मेजाच्या, गोधडीखाली पाय सारून चहाचा पेला हातात घेऊन बसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा घरात काही वाजत नव्हतं. तिचे डोळे मिटले. किती बरं वाटलं तिला! पुढे याच बरं वाटण्याची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटायची होती.

डोळे उघडले तेव्हा पाऊण तास झाला होता.

गेन्झो हनुवटीपर्यंत पाण्यात होता. डोळे अर्धवट मिटलेले, गाल लालबुंद, झोपल्यासारखा. अंग गरम होतं, पण पाणीही गरमच होतं. फक्त उजवा हात पाण्याबाहेर होता. भिंतीला टेकलेला, बटणाच्या वीतभर खाली. सातोएने दोनदा हाक मारली. टबाचं बूच ओढलं. आणि मग जे केलं ते तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही. तिने तो हात उचलून त्याच्या पोटावर ठेवला. त्यानंतरच अँब्युलन्सला फोन केला.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले असतील, कळलंही नसेल. पोलीस आले, दोन प्रश्न विचारून गेले. तामोत्सु बर्फाने भिजलेल्या बुटांनिशी बोळात उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "बेल वाजली नाही?"

"नाही वाजली," सातोए म्हणाली. ते खरंच होतं.

अंत्यसंस्काराला आलेली माणसं तिचीच समजूत घालत होती. ऊबेत गेला, नशीबवान म्हातारा. तुझ्यासारखी सून लाभली म्हणून. नणंद मित्सुयोने तर तिचे दोन्ही हात धरले. प्रत्येक चांगल्या शब्दाने सातोए आतून सोलून निघत होती.

हाडं कलशात घालून सगळे परतले त्या संध्याकाळी मित्सुयोनेच टब भरला.

"वहिनी, आज तुम्ही आधी. उभं राहवत नाहीये तुम्हाला."

"अहो, पण तुमचे भाऊ..."

"जा," तामोत्सु म्हणाला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि स्वच्छ, कुणीही न शिवलेल्या पाण्यात सातोए पहिल्यांदा उतरली. पाणी काठोकाठ होतं. ती हनुवटीपर्यंत बसली, तो बसला होता तशी. ऊब हाडांपर्यंत गेली आणि तिला ती सहन होईना. किती वेळा दाबलं असेल त्यांनी? एकदा? की ती चहा पीत होती तेवढा वेळ? तिने उजवा हात वर केला. आवाज शून्यावरच असणार, कुणालाही कळणार नाही, अशा भरवशावर तिने बटण दाबलं.

स्वयंपाकघरात टिंगटिंग धून वाजली. चांगली मोठ्याने.

बोळातून पावलं आली. धुरकट काचेपलीकडे तामोत्सुची आकृती उभी राहिली.

"काय झालं?"

"वाजते का बघत होते," ती म्हणाली.

"वाजते," तो म्हणाला. "आवाज मी वाढवला. बाबांना नेलं, त्या संध्याकाळीच."

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. शिवी चालली असती, ओरडणं चाललं असतं. पण तो गेलाही नाही. कपडे काढायच्या त्या गारठलेल्या खोलीत काचेला पाठ लावून तो जमिनीवर बसला. इकडे पाणी हळूहळू निवत होतं, आणि बाहेर कसं यायचं ते सातोएला कळत नव्हतं.