सप्टेंबरातलं जहाज

धनाजी गुरुजींनी मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटं टेकवून अटलांटिक महासागर मोठा केला. पांढरं चक्रीवादळ कालच्यापेक्षा पश्चिमेला सरकलं होतं. त्याच बाजूला, चौदा मजली जहाजातून, त्यांचा धाकटा भाऊ गोरख समुद्राच्या सहलीला गेला होता.

"आजून तितंच हाय का?" सुपात घेवडा निवडत भामाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"सरकलंय."

"चांगलं का वाईट?"

गुरुजींनी पडद्यावरचं वादळ आणखी मोठं केलं.

भोर तालुक्यातल्या शाळांतून त्यांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. खडूनं काढलेली त्यांची वादळं घड्याळाच्या उलट अचूक फिरत. प्रत्यक्ष समुद्र मात्र त्यांनी एकदाच पाहिला होता. वरंधा घाट उतरून गेलेल्या शाळेच्या सहलीत, ओकणारी मुलं सांभाळताना. आणि सातवीत विषुववृत्त भारताच्या डोक्यावर काढणारा गोरख अमेरिकेतल्या लेकीच्या कृपेनं डेकवरच्या आरामखुर्चीत पडून फोटो पाठवत होता. रोज अकरा-बारा. गुरुजी ते पुसून टाकत. त्याआधी मोठे करून पाहत.

ऑगस्टात किकवी गावातल्या घराच्या याच ओट्यावर बसून गोरखनं विचारलं होतं, "आण्णा, सप्टेंबरात जावं का? सोनी म्हनती, तवा तिकिटं स्वस्त असत्यात."

स्वस्त का, हे गुरुजींनी झोपेतही सांगितलं असतं. ऐन वादळांचा महिना. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "जा की. उत्तम काळ."

भावाचं मरण त्यांना नको होतं. सुशिक्षित माणसाचा मत्सर प्रमाणात असतो. चार दिवस खिडकीबाहेर करडं पाणी, पोटात अन्न न ठरणं, आणि परतल्यावर चावडीवर सांगण्याजोगं काही नसणं, एवढंच त्यांनी इच्छिलं होतं. समुद्राला हे प्रमाण कोणी शिकवलं नव्हतं. गेल्या तीन रात्री गुरुजींचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मोबाईल वाजला. पडद्यावर गोरखची लेक सोनिया; तिच्यामागे पलंगाची कड धरून बसलेला गोरख.

"आण्णा, काळजी करू नका. कॅप्टननं जहाज दक्षिणेला वळवलंय," ती म्हणाली. "मी तर नंतर तिकिटं रद्दच करणार होते, वादळाचे दिवस म्हणून. बाबा ऐकेनात."

"का ऐकू?" गोरख पिवळा पडला होता, तरी हसत होता. "आण्णा बोलले उत्तम काळ. तुजं इंटरनेट त्यांच्यापरास शानं व्हय?"

गुरुजींचा अंगठा फोन तोडायच्या लाल खुणेपाशी गेला आणि मागे आला.

"गोरख," ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. वादळाचं. तेव्हाच."

गोरखचे खांदे सैलावले.

"बग, सोने. ठाऊक असून जा म्हनले. म्हंजी काय बी व्हत न्हाई." त्यानं पलंगाची कड सोडली. "आता पडतो म्या निवांत."

फोन बंद झाला. गोरख झोपणार होता. गुरुजींना त्याही गोष्टीचा हेवा वाटला.

सुपातली खुडबूड केव्हाच थांबली होती. भामाबाईंनी वर पाहिलं नाही.

"भावजी भोळंच पयल्यापास्नं," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.